शनिवारच्या शाळेत संगणकशास्त्र : यावल-चोपडा भागातील सत्रांसाठी सूचना हव्या आहेत

तापीतीर

नमस्कार मंडळी. मी जळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात शिकवतो. विभागातील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन यावल आणि चोपडा तालुक्यांतील काही जिल्हा परिषद व अनुदानित शाळांमध्ये शनिवारी सकाळी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी संगणकशास्त्राची ओळख करून देणारी सत्रे घ्यायची, असे ठरत आहे. गेल्या हिवाळ्यात अशी काही सत्रे प्रायोगिक स्वरूपात झाली. आता जूनपासून ती नियमितपणे चालवायची असल्यामुळे आराखडा येथे मांडतो आहे. शिक्षक, पालक आणि या भागाची माहिती असलेल्या सर्वांनी त्यावर मोकळेपणाने मते द्यावीत.

आपल्याकडे संगणक म्हटला की पालकांच्या डोळ्यांपुढे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र, टायपिंग आणि सेवा केंद्रात भरायचे ऑनलाइन अर्ज येतात. हे सगळे उपयोगाचे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एखादे काम पायरीपायरीने कसे मांडावे, ती पद्धत प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देईल याची खात्री कशी करावी आणि दोन पद्धतींपैकी कमी श्रमाची कोणती हे कसे ठरवावे, हा जो या विषयाचा गाभा आहे, त्याची गाठ आपल्या मुलांशी बहुधा महाविद्यालयात आल्यावरच पडते. तोवर पुष्कळांनी सी भाषेतील प्रोग्राम पाठ करून परीक्षा दिलेली असते.

म्हणून पहिल्या सहामाहीत यंत्राला हात न लावता सत्रे घ्यावीत, असा माझा प्रस्ताव आहे. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे अनेक खेळ तयार केले आणि ते आज जगभर वापरले जातात. त्यातलाच एक खेळ आम्ही आपल्या पद्धतीने बदलून घेतला, तो थोडा तपशिलाने सांगतो.

शाळेच्या अंगणात खडूने एक जाळे आखायचे. एका टोकाला सहा चौकोन, दुसऱ्या टोकाला सहा चौकोन आणि मध्ये पाच टप्प्यांत पसरलेली बारा वर्तुळे. सहा मुले हातात एकेक चिठ्ठी घेऊन निघतात. वर्तुळात दोघे भेटले की चिठ्ठ्यांची तुलना करायची. लहान संख्या असलेल्याने डाव्या रेघेने जायचे, मोठी असलेल्याने उजव्या रेघेने. कोणीही कसेही उभे राहिले तरी शेवटच्या चौकोनांत सर्व जण चढत्या क्रमानेच पोहोचतात. पहिल्यांदा मुलांना ही हातचलाखी वाटते. मग ती चिठ्ठ्या बदलून, जागा बदलून, मुद्दाम उलट क्रमाने उभी राहून ते जाळे चुकवण्याचा प्रयत्न करू लागतात, आणि मला हवे असते ते नेमके हेच.

पुढच्या फेरीत आम्ही संख्यांऐवजी गावांची नावे दिली. धरणगाव आणि धुळे एकाच वर्तुळात भेटले आणि तेथे चांगलीच जुंपली. धुळे जिल्ह्याचे ठिकाण म्हणून आधी, असे एकाचे म्हणणे होते. धुळे हे नाव लहान म्हणून आधी, असे दुसऱ्याचे. अखेर एका मुलीने बाराखडी म्हणून दाखवली आणि निव्वळ ‘ध’ हा ‘धु’च्या आधी येतो, एवढ्यावर निवाडा केला. तुलनेचा नियम आधी ठरल्याशिवाय क्रम लावता येत नाही, हे आम्ही फळ्यावर लिहून दिले असते तर कोणाच्या लक्षातही राहिले नसते.

याच खेळात पहूर आणि पळासनेर या चिठ्ठ्या मुद्दाम घालाव्यात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, त्यामुळे पहूर आधी आणि पळासनेर नंतर. संगणकाला मात्र केवळ अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांवरून (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकांवरून) क्रम लावायला सांगितला तर तो पळासनेर आधी ठेवतो, कारण तेथे ‘ळ’ला ‘ल’च्या पाठोपाठ, म्हणजे ‘व’ आणि ‘ह’ यांच्या आधी जागा मिळालेली आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर आधारलेली आहे आणि ती सर्व भारतीय लिप्यांना मिळून एकच आराखडा असावा या हेतूने केलेली होती. मराठी क्रम हवा असेल तर संगणकाला तो नियम वेगळा सांगावा लागतो. यंत्र सांगते म्हणून बरोबर, ही समजूत सातवीतच थोडी सैल झाली तर बरे.

आराखड्याबाबत माझे मुख्य प्रश्न असे आहेत : शनिवारची वेळ योग्य आहे का, एका शाळेत सलग किती काळ जावे, आणि यंत्र केव्हा आणावे?

---

अनेर_मास्तर

सर, मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत आहे. उपक्रम स्वागतार्ह आहे. मी फक्त शाळेच्या बाजूने काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

शनिवार योग्यच आहे, कारण शाळा सकाळची असते आणि पहिली ते आठवीसाठी शासनाचा ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम असल्यामुळे त्या दिवशी करण्याजोगे काहीतरी मुख्याध्यापकांनाही हवेच असते. सत्र शाळेच्या वेळेतच बसवावे. सुटल्यानंतर थांबा म्हटले तर पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला दिसेल, पण तिसऱ्या आठवड्यात गावातली चार मुले उरतील, कारण वस्तीवरून येणाऱ्यांना एसटी गाठायची असते आणि मुलींना घरचे काम वाट पाहत असते. रविवारचा विचारही करू नये. काही गावांचा आठवडे बाजार रविवारी असतो, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, त्या दिवशी तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही.

आठवीचा आग्रह धरू नये. एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीच्याच माथी असते आणि शनिवारचे जादा तास तिने आधीच व्यापलेले असतात. सहावी आणि सातवी घ्या. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीमुळे पटावरची उपस्थिती कमी होते. त्या दिवसांत नवा विषय सुरू केला तर जी मुले शेतात गेली ती कायमची मागे पडतात. तेव्हा उजळणीचे खेळ ठेवावेत.

परवानगीचे पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्या आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांकडे जाऊ द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा स्वतः येऊन बसा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांना तुम्ही फी घेणार नाही आणि मुलांना कोणत्या क्लासला ओढणार नाही, हे तुमच्या तोंडून ऐकायचे असते.

संगणक कक्षाबद्दल फार आशा ठेवू नका. कक्ष असतो, यंत्रांवर शिवलेली आच्छादने असतात, किल्ली कपाटात असते आणि बॅटरी बॅकअप केव्हाच गेलेला असतो. काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने शिक्षकही तिकडे जात नाहीत.

---

भुसावळ_यार्ड

तापीतीर सर, आराखडा आवडला, पण एका मुद्द्यावर माझे स्पष्ट मतभेद आहेत. मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला घरी आलो की आमच्या भागातील मुलांना शिकवतो. संगणकाचे लोक येणार असे सांगून पूर्ण सहामाही यंत्र दाखवायचेच नाही, हे शहरातल्या मुलाला चालेल, कारण त्याच्या घरी लॅपटॉप आहे. ज्या मुलाने कळफलकाला कधी बोट लावलेले नाही, त्याला ही फसवणूक वाटते. अंगणातल्या खेळांतून विषयाचा गाभा कळतो हे मान्य. पण आपण लिहिलेल्या सूचना यंत्र निमूटपणे पाळते, चुकीच्या असल्या तर चुकीच्याही पाळते, हा अनुभव खडूच्या रेघांवर येत नाही.

माझी सूचना अशी की तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून जुने लॅपटॉप न्यावेत. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने २००७ मध्ये खुले केलेले स्क्रॅच हे मुलांसाठीचे प्रोग्रामिंगचे साधन इंटरनेटविनाही चालते आणि त्यात ठोकळे जोडून प्रोग्राम होत असल्यामुळे टायपिंग येत नाही म्हणून कोणी अडत नाही. एका यंत्रावर दोनच मुले बसवावीत, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने माउस चालवायचा, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. तीन मुले बसवली की तिसरे खिडकीबाहेर पाहते.

यंत्राविना घ्यायच्या खेळांत आमच्या गावचा एक खेळ जोडा. एका बाजूने बंद असलेल्या सायडिंगमध्ये, म्हणजे रेल्वेच्या बाजूच्या रुळावर, १, २, ३ असे डबे त्याच क्रमाने येतात आणि जो शेवटी आत गेला तोच आधी बाहेर निघू शकतो. डबे मधेच बाहेर काढायची मुभा आहे. तर बाहेर पडताना कोणकोणते क्रम शक्य आहेत? तीन डब्यांचे एकूण सहा क्रम होतात, त्यांपैकी पाच जमतात आणि ३-१-२ काही केल्या जमत नाही. ते का जमत नाही हे भुसावळच्या मुलांनी मला आगपेट्या घेऊन पटवून दिले. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६१ च्या सुमारास गणिती पदावल्या सोडवण्याची जी रीत मांडली, ती शंटिंग यार्डच्या, म्हणजे रेल्वेचे डबे हलवून लावण्याच्या जागेच्या, नावानेच ओळखली जाते, हे सांगितल्यावर एका गँगमनच्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

---

वाघूर

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला समजले नाही. आज सगळीकडे एआयची चर्चा आहे. मुलांना थेट पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवावी; दहावीपर्यंत ती कामाला लागतील.

---

तापीतीर

वाघूरजी, तुमची तळमळ समजते. परंतु सहावीतल्या मुलाला पायथॉनमधील चुकांचे इंग्रजी संदेश वाचता येत नाहीत, आणि अवतरणचिन्ह राहिले म्हणून तासभर अडकून पडलेला मुलगा पुढच्या शनिवारी येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगच्या कृती आणण्याची शिफारस आहे. तेथेही भर कृतींवरच आहे. नववीत पायथॉन जरूर घ्यावे. एआयबद्दल विचाराल तर, आंबा आणि पेरू यांच्या चित्रांचे ढीग मुलांकडून वेगळे करवून घेऊन त्यांनी वापरलेला नियम त्यांच्याच तोंडून वदवून घेणे, एवढ्याने सुरुवात उत्तम होते.

भुसावळ_यार्ड, तुमचा आक्षेप मात्र मनाला लागला आहे. त्यावर विचार करून लिहितो.

---

गोमाई

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे वीज असते तेव्हा नेटवर्क नसते आणि नेटवर्क असते तेव्हा वीज नसते, त्यामुळे यंत्राविना चालणारे खेळ हेच आमचे खरे साधन आहे. तरीही गावांच्या नावांचा खेळ आमच्या मुलांना जसाच्या तसा देऊ नये, असे मला वाटते. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना मराठीची बाराखडी अजून सवयीची झालेली नसते आणि मग खेळ क्रमाचा न राहता वाचनाची परीक्षा होऊन बसतो. जी मुले कोडे सोडवण्यात सर्वांत पुढे असतात, तीच येथे मागे राहतात.

त्याऐवजी वजनाचा खेळ घ्यावा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्यांत कमी-अधिक वाळू भरावी आणि दोन पारड्यांचा तराजू द्यावा. एका वेळी दोनच डब्यांची तुलना करता येते, संगणकालाही तेवढेच येते. सर्वांत जड डबा शोधायला आठ डब्यांत किती तोलण्या लागतात, असे विचारा. प्रत्येक तोलणीत एकच डबा हरतो आणि सात डबे हरल्याशिवाय विजेता ठरत नाही, म्हणून सातांपेक्षा कमी चालणारच नाहीत, हा युक्तिवाद आमच्या सातवीतल्या मुलाने आपल्या बोलीत केला आणि दुसऱ्याने तो मला मराठीत सांगितला. मुलांना आपापसांत आपल्या भाषेत बोलू द्यावे. तुमचे जळगावचे विद्यार्थी अहिराणी किंवा लेवा बोली बोलत असतील तर त्यांनीही यावल-चोपड्यात ती खुशाल वापरावी.

---

तिसरे_वर्ष_ब

मी सरांच्या गटातील विद्यार्थिनी आहे. जाळ्याच्या खेळाबद्दल एक भर घालते. जाळे प्रत्येक वेळी बरोबर क्रम लावते हे कसे समजायचे, असा प्रश्न एका मुलाने विचारला होता. सहा मुलांचे ७२० क्रम होतात; ते सर्व करून पाहणे शनिवारच्या वेळेत शक्य नाही. परंतु अशा जाळ्यांबाबत एक सिद्ध झालेला नियम आहे की केवळ ० आणि १ यांच्या सर्व मांडण्या बरोबर लागल्या, तर कोणत्याही संख्या बरोबर लागतात. म्हणजे प्रत्येकाने पांढरी किंवा काळी चिठ्ठी घ्यायची आणि ६४ मांडण्या तपासायच्या. वर्गाच्या दोन गटांत वाटून दिल्या तर त्या होतात.

दुसरा खेळ बिस्किटाच्या पुड्याचा आहे. बारकोडखाली १३ अंक असतात. डावीकडून विषम जागांवरील अंकांची बेरीज करायची, सम जागांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट करून तीत मिळवायची. एकूण उत्तराच्या शेवटी शून्य येते. एक मुलगा एखादा अंक मुद्दाम चुकवून वाचतो आणि बाकीचे ‘चूक!’ असे ओरडतात. कोणताही एक अंक चुकला तरी ही रीत ते पकडते. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर मात्र ती कधीकधी फसते. ज्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, उदाहरणार्थ १ आणि ६, त्यांची अदलाबदल तिला कळत नाही. मुलांना ही पळवाट स्वतः शोधू द्यावी, कारण त्यानंतर आधारच्या क्रमांकातील शेवटचा अंक वेगळ्या आणि अधिक कडक रीतीने काढलेला असतो, हे सांगायला आयती जागा मिळते. तिथे शेजारच्या अंकांची अदलाबदल हमखास पकडली जाते. सत्रात कोणाचाही खरा आधार क्रमांक मात्र फळ्यावर घेऊ नये.

आणखी एक, आमच्या सहकाऱ्यांसाठी : मुलाच्या हातातला माउस आपण घ्यायचा नाही. ‘थांब, मी करून दाखवतो’ हे वाक्य आमच्या गटात आता वर्ज्य आहे.

---

पाटणादेवी

चाळीसगावचा असल्याने एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने पाटणा येथे मठ स्थापला आणि त्यासाठी दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख आमच्या तालुक्यात आहे. उगाच अभिमान मिरवण्यासाठी हे सांगत नाही, सत्रात वापरण्याजोगे त्यात काही आहे म्हणून सांगतो.

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथाच्या अंकपाश (मांडण्या मोजण्याच्या) प्रकरणात एक उदाहरण आहे : विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील, आणि शंभूच्या दहा हातांत दहा आयुधांची केली तर किती? पहिले उत्तर २४. मुले चार वस्तू हातात घेऊन ते मोजू शकतात. दुसरे उत्तर ३६,२८,८००. दर सेकंदाला एक मांडणी करीत अहोरात्र बसले तरी बरोबर ४२ दिवस लागतात. दोन हात आणखी वाढवून बारा केले तर त्याच वेगाने पंधरा वर्षे. सगळे पर्याय करून पाहू, ही पद्धत कोठे कोसळते आणि म्हणून युक्ती का शोधावी लागते, हे मुलांना यातून जितके लख्ख दिसते तितके वेगवान यंत्रांच्या गप्पांतून दिसत नाही.

---

अनेर_मास्तर

पाटणादेवींचे उदाहरण मी सोमवारीच वर्गात घेणार आहे.

सर, एका शाळेत किती काळ जावे, या तुमच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून मीच बोलतो. बाहेरून येणारे उपक्रम आम्ही पुष्कळ पाहिले. बॅनर लागतो, छायाचित्र निघते आणि पुढच्या वर्षी तेच लोक दुसऱ्या शाळेत दिसतात. दहा शाळांना एकेकदा भेट देण्यापेक्षा तीन शाळांत वर्षभर जा. आणि तुमच्या सत्राच्या वेळी वर्गशिक्षकाला कार्यालयात बसू देऊ नका. त्याला पहिल्या महिन्यात मुलांबरोबर खेळायला लावा, दुसऱ्या महिन्यात एक खेळ त्याच्याकडे सोपवा आणि तुमच्या विद्यार्थ्यांनी मागे बसावे. डिसेंबरमध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या परीक्षा लागणारच. त्या शनिवारी शाळेतले सत्र रद्द झाले नाही, तर तुमचा उपक्रम रुजला असे समजा.

---

तापीतीर

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा बदलला आहे, तो असा.

तीनच शाळा घेतो : यावल तालुक्यातील दोन आणि चोपड्यातील एक. वर्ग सहावी-सातवी, वेळ शनिवारी शाळेच्या तासांतच. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे वर्गशिक्षकांचा सहभाग ही पूर्वअट राहील आणि ती परवानगीच्या पत्रातच लिहू. भुसावळ_यार्ड यांचा आग्रह मान्य करून पाचव्या सत्रापासून लॅपटॉप नेऊ. महाविद्यालयाने वापरातून काढलेली यंत्रे दुरुस्त करण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. मात्र प्रत्येक सत्राचा पहिला अर्धा तास अंगणातच होईल, आणि जो खेळ बाहेर झाला त्याचाच प्रोग्राम आत करायचा. अंगणात सहा जणांनी लावलेला क्रम स्क्रॅचमध्ये तीन संख्यांसाठी लावून पाहणे, एवढी झेप सहावीला पुरे. गोमाई मॅडम, वजनांचा संच आम्ही करतो आहोत. त्यातला एक तुमच्या शाळेकडे पाठवता येईल.

नोव्हेंबरच्या सुमारास बेब्रास ही स्पर्धा असते. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली ही कोड्यांची स्पर्धा भारतात एसीएम इंडिया या संगणकक्षेत्रातील संघटनेच्या सीएसपाठशाला उपक्रमातर्फे घेतली जाते आणि तिच्यातील कोडी मराठीतही मिळतात. प्रोग्रामिंग येत नसले तरी ती सोडवता येतात. मुलांना क्रमांकासाठी बसवण्याचा हेतू नाही, पण जुनी कोडी सत्रात वापरण्यास फार चांगली आहेत. वाघूरजी, त्यातली पाच-सहा तुम्हीही सोडवून पाहा आणि मग पायथॉनबद्दल पुन्हा बोलू.

एक प्रश्न शिल्लक आहे. मे-जूनच्या उन्हात फरशीच्या अंगणात नऊ वाजल्यानंतर मुलांना उभे करता येत नाही आणि पहिल्या पावसात खडू टिकत नाही. गोणपाटाच्या पट्ट्यांवर जाळे रंगवून ते व्हरांड्यात अंथरावे असा विचार आहे. यावलकडे केळी पॅकिंगच्या कामात असलेल्या कोणाकडे जुने, धुतलेले गोणपाट किंवा ताडपत्री असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. सहा मुले आरामात चालतील एवढी रुंदी लागेल.

---

भुसावळ_यार्ड

ताडपत्री मिळेल. मापे व्यनितून कळवा, रविवारी येताना घेऊन येतो.